जाळीतून उतरलेला उंदीर

दोन मोठे गोल कान दिसले की पुढचं काही सांगावं लागत नाही. जगाच्या पाठीवरचं कुठलंही पोर त्या उंदराचं नाव सांगेल. पण या चित्रातल्या उंदराकडे नीट बघा. त्याच्या डोळ्यांवर चष्मा आहे आणि डोक्यावर ताठ उभे, विस्कटलेले केस. मिकी माउसला कधी केस होते का? हा चष्मा आणि हे केस न्यूयॉर्कच्या एका माणसाचे आहेत. माणसाचं नाव अँडी वॉरहॉल, म्हणून उंदराचं नाव अँडी माउस. १९८६ साली किथ हॅरिंग नावाच्या तरुण चित्रकाराने चार चित्रांचा हा संच केला. त्यातल्या एका चित्रात तर हा उंदीर थेट डॉलरच्या नोटेवर, एरवी राष्ट्राध्यक्षांचा चेहरा असतो त्या जागी जाऊन बसला आहे. प्रत्येक चित्र ३८ इंच लांब आणि तेवढंच रुंद. म्हणजे जवळजवळ मीटरभर बाजूचा चौरस. स्क्रीन प्रिंटिंगने छापलेला. आणि प्रत्येक चित्राच्या क्रमांक घातलेल्या प्रती किती? फक्त ३०.

हा तीसचा आकडा विलक्षण आहे. १२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अण्वस्त्रांच्या विरोधात लाखो माणसं जमली होती. त्या गर्दीसाठी याच हॅरिंगने पदरचे पैसे घालून २०,००० पोस्टरं छापून घेतली आणि फुकट वाटून टाकली. चित्र रस्त्यावरच्या कोणाचंही असावं, असं मनापासून मानणारा हा माणूस. मग तो तीसवर का थांबला? आणि स्क्रीन प्रिंटिंग काही दुर्मीळ तंत्र नव्हे. आपल्याकडे गल्लीतला छापणारा त्याच तंत्राने शेकड्यांनी लग्नपत्रिका काढतो, गणेश मंडळांचे टी-शर्ट काढतो. तीसऐवजी तीन हजार प्रती काढायला हॅरिंगची काय अडचण होती?

याचं उत्तर शोधायला आपल्याला एका कापडाच्या छिद्रात शिरावं लागणार आहे. आणि आत शिरलं की तीसचा प्रश्न क्षणभर विसरायला होतं, इतक्या नवलाच्या गोष्टी तिथे भरल्या आहेत.

आधी एक प्रयोग. धान्याच्या पोत्यांवर मार्का मारतात तो तुम्ही पाहिला असेल. पातळ पत्र्यात अक्षरं कापलेली असतात, पत्रा पोत्यावर ठेवून वरून शाईचा बोळा फिरवला की अक्षर उमटतं. सोपं आहे ना? आता त्या पत्र्यात ‘ठ’ कापून बघा. गोल कापून पूर्ण झाला की मधला तुकडा टपकन खाली पडणार! त्याला धरून ठेवणारं काही उरलंच नाही. म्हणून मार्क्याच्या अक्षरात मध्येमध्ये पट्ट्या राखाव्या लागतात आणि अक्षर तुटक दिसतं. रेषेने कशालाही पूर्ण वेढा घातला की आतलं बेट गळून पडतं. आता कार्टूनचा विचार करा. डोळ्याच्या गोलात बुबुळ, बुबुळात चमकणारा ठिपका, चेहऱ्याभोवती रेघ, कानाभोवती रेघ. सगळा वेढ्यांचाच कारभार! अशा पत्र्यातून मिकी माउस उतरवायचा म्हटला तर अर्धा उंदीर जमिनीवर पडलेला सापडेल.

या बेटांवर जपानी कारागिरांनी फार सुंदर तोडगा काढला. कापड रंगवण्यासाठी ते तुतीच्या जातीतल्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद घेत, त्याला पर्सिमनच्या कच्च्या फळाचा रस पाजून पाण्याला दाद न देणारा करत आणि त्यात नक्षी कापत. बेटं सुटी पडू नयेत म्हणून कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमाचे बारीक तंतू ताणून चिकटवत. गंमत पुढेच आहे. रंग त्या तंतूला जुमानतच नाही! तो तंतूच्या दोन्ही अंगांनी खाली उतरतो आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक होतो. धागा मध्ये होता याची खूणसुद्धा कापडावर राहत नाही.

मग मोजके दहावीस तंतू तरी कशाला? सगळी चौकटच तंतूंनी विणून टाकली तर? म्हणजे आधी कापड ताणायचं आणि त्याच्यावर हवी तिथली छिद्रं बंद करायची. कुठलंही बेट कुठेही सुखाने तरंगेल. असं कापड मुद्दाम शोधून काढावं लागलं नाही, ते पिठाच्या गिरण्यांमध्ये आधीपासून होतं. वस्त्रगाळ मैदा काढायला स्वित्झर्लंडमध्ये रेशमाची अत्यंत बारीक, एकसारख्या छिद्रांची जाळी विणली जात असे. पीठ चाळायची जाळी आणि शाई चाळायची जाळी यांत कापडाच्या दृष्टीने काय फरक? १९०७ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी रेशमी जाळीतून छापण्याचं पेटंट घेतलं. आज रेशमाची जागा पॉलिएस्टरने घेतली आहे, पण कल्पना तीच.

किती बारीक असतात ही छिद्रं? छापखान्यात सर्रास वापरली जाणारी एक जाळी घेऊ. तिच्यात सेंटिमीटरमागे ७७ धागे उभे आणि ७७ आडवे असतात. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरात ५,९२९ छिद्रं. एकेक छिद्र साधारण आपल्या केसाच्या जाडीएवढं. समजा अँडी माउसच्या आकाराचं चित्र अशा जाळीतून छापलं, तर त्या चौरसात मावणारी छिद्रं होतात साडेपाच कोटींच्या वर! महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या जवळपास निम्मी. आणि त्यातलं कुठलं उघडं राहील, कुठलं मिटेल, हे एकेकाचं ठरलं पाहिजे. ते कोण ठरवणार? कुठला माणूस बसून साडेपाच कोटी छिद्रांना एकेक बूच लावणार?

हे काम उजेड करतो.

हेन्री फॉक्स टॅलबॉट हे फोटोग्राफीच्या आद्यपुरुषांपैकी एक. १८५२च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की बायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनवर उजेड पडला की ते कडक होतं, पाण्यात विरघळेनासं होतं. आता रसायनं बदलली आहेत, पण चाल तीच आहे. ताणलेल्या जाळीवर प्रकाशाला संवेदनशील असलेलं इमल्शन पातळ थराने फासतात. अंधुक पिवळ्या उजेडात ते वाळवतात. मग पारदर्शक फिल्मवर काळ्याकुट्ट रंगाने काढलेलं चित्र त्याच्यावर ठेवून वरून अतिनील किरणांचा दिवा लावतात. जिथे फिल्म कोरी आहे तिथून प्रकाश आरपार जातो आणि खालचं इमल्शन घट्ट होऊन बसतं. जिथे काळी रेघ आहे तिथे सावली पडते आणि खालचं इमल्शन मऊच राहतं. आता पाण्याचा फवारा मारा. मऊ भाग वाहून जातो आणि जाळी तेवढ्याच जागी मोकळी होते. डोळ्यांदेखत, पाण्याच्या धारेखाली, चित्र उघडत जातं.

जरा थांबून बघा इथे काय झालं ते. चित्रकाराने जिथे काळं केलं तिथेच छिद्र उघडलं, आणि तिथूनच पुढे रंग उतरणार. म्हणजे छिद्र पाडलं ते सावलीने! कात्री नाही, पातं नाही, हात लागलासुद्धा नाही. ब्रशच्या फटकाऱ्याला एका बाजूला फुटलेली केसाएवढी कूससुद्धा जशीच्या तशी जाळीत उतरते. आणि ज्या छिद्रांना मिटायचं होतं, ती काही मिनिटांत सगळी एकदम मिटली.

आता शाई. चौकट कागदावर ठेवली, वर दाट शाई ओतली, तर ती आपोआप खाली गळत का नाही? साडेपाच कोटी भोकांचं भांडं आणि टिपूसभरही गळती नाही! कारण ही शाई मुळातच दोन स्वभावांची केलेली असते. स्वस्थ असते तेव्हा घट्ट, आणि घासली, रेटली की पातळ. घरी चक्का चाळणीवर घेऊन हाताने घासता तेव्हा नेमकं हेच होतं: नुसता ठेवला तर चक्का ढिम्म बसून राहतो, पण तळहाताचा दाब बसला की सरसर खाली उतरतो आणि खाली पडल्यावर पुन्हा घट्ट. छापखान्यात तळहाताच्या जागी स्क्वीजी असते, म्हणजे लाकडाच्या दांड्यात बसवलेली रबराची पट्टी. ती शाईसकट जाळीवरून एका दमात ओढायची. हात मध्येच थबकला तर कागदावर पट्टा दिसतो.

आणि जाळी कागदाला टेकलेली नसते बरं का. ती दोन-तीन मिलिमीटर वर अधांतरी ताणलेली असते. स्क्वीजी जिथे दाबते तेवढीच एक रेघ कागदाला भिडते, आणि पट्टी पुढे सरकली की मागची जाळी ताणाच्या जोराने झटकन वर उचलली जाते. खरं छापणं घडतं ते त्या उचलण्याच्या क्षणी. छिद्रात भरलेल्या शाईला जाळी वर ओढते, कागद खाली ओढतो, आणि कागद जिंकतो. कागदावर त्या क्षणी काय आहे? शाईच्या सुट्या सुट्या चिमुकल्या गाठी, प्रत्येक छिद्रामागे एक. त्या लगेच पसरतात, शेजारणीला जाऊन मिळतात आणि सुकण्याच्या आत सपाट, अखंड रंग तयार होतो. शाई जास्त पातळ असेल तर कडा फुटतात, जास्त घट्ट असेल तर जाळीची वीण उमटून राहते. या दोन्हींच्या मधली जागा सापडणं हा कसबाचा भाग आहे, आणि तो हाताला कळतो, पुस्तकातून येत नाही.

वर्तमानपत्र किंवा मासिक छापणाऱ्या ऑफसेट यंत्रातून कागदावर येणारा शाईचा थर इतका पातळ असतो की तो कागदाचाच भाग होऊन जातो. स्क्रीनचा थर त्याच्या कैक पट जाड. तो कागदावर बसतो, स्वतःच्या अंगाने. म्हणून स्क्रीनप्रिंटमधला लाल तुमच्या अंगावर येतो. त्यात ठिपक्यांचं मिश्रण नसतं, तो पहिल्यापासून लालच असतो. कोणाची मोठ्या आकाराची खरी स्क्रीनप्रिंट बघायची संधी मिळाली तर तिरप्या उजेडात बघा. रंगाच्या कडेला उंचवटा दिसेल.

एका जाळीतून एकच रंग जातो. म्हणजे जितके रंग तितक्या जाळ्या, तितकी इमल्शनं, तितक्या वेळा प्रत्येक कागदाची फेरी. आणि दर फेरीला कागद नेमक्या त्याच जागी बसला पाहिजे. इथे हवासुद्धा आडवी येते. दमट दिवशी कागद ओलावा पिऊन किंचित पसरतो, कोरड्या दिवशी आक्रसतो. सोमवारी पिवळा छापलेला कागद गुरुवारी काळ्यासाठी घ्यावा तर तो अर्धा मिलिमीटर बदललेला! मग उंदराच्या नाकाचा रंग नाकाबाहेर येणार नाही का?

येत नाही, आणि याचं श्रेय कार्टूनच्या जाड काळ्या रेघेला आहे. रंग आधी छापायचे, थोडे सैल, आणि जाड काळी रेघ शेवटी वरून. रंगांच्या सगळ्या कडा त्या रेघेखाली लपतात. आता मिकीच्या घरात जाऊन बघा. ‘स्टीमबोट विली’ हा त्याचा बोलपट १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झळकला. त्या काळी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर पात्र काढायचे: रेघ पत्र्याच्या पुढच्या बाजूला, रंग मागच्या बाजूला. रंगवणारीचा हात थोडा इकडेतिकडे गेला तरी पुढची काळी रेघ सांभाळून घेई. हजारो चित्रं भराभर काढायची म्हणून उंदीर वर्तुळांचा केला, कारण वर्तुळ पटकन निघतं आणि कोणाच्याही हातून सारखंच निघतं. म्हणजे ज्याला आपण कार्टूनचं रूप म्हणतो, ते बऱ्याच अंशी एकच चित्र पुन्हापुन्हा, पुष्कळ हातांनी काढता यावं या गरजेतून घडलं आहे. स्क्रीनच्या जाळीला नेमकं असंच चित्र हवं असतं: रेघ वेगळी, रंग वेगळा, रंग सपाट, कडा ठाम. कार्टून आणि जाळी एकमेकांसाठीच जन्माला आली असावीत, असं मला अगदी खरंच वाटतं.

हॅरिंगच्या हातात ही रेघ लहानपणीच आली. १९५८चा त्याचा जन्म, वाढला पेनसिल्व्हेनियातल्या कुट्झटाउन या छोट्या गावात. वडिलांना कार्टून काढायचा नाद होता आणि ते पोराला शेजारी बसवून काढायला शिकवत. डिस्ने, डॉक्टर स्यूस, ‘पीनट्स’वाले चार्ल्स शुल्ट्झ हे त्याचे आवडते. १९७८मध्ये तो शिकायला न्यूयॉर्कला आला. आणि मग १९८० साली भुयारी रेल्वेच्या एका स्थानकावर त्याचं लक्ष जाहिरातींच्या फळ्यांकडे गेलं. एखाद्या जाहिरातीची मुदत संपली की रेल्वेवाले तिच्यावर मऊ काळा कागद चिकटवून ठेवत. रोज लाखो लोकांच्या नजरेसमोर कोरे काळे फळे! त्याने वर जाऊन पांढरे खडू विकत आणले.

पुढची पाच वर्षं तो या काळ्या कागदांवर काढत राहिला. रांगणारं, तेजाचे किरण फेकणारं बाळ. भुंकणारा चौकोनी कुत्रा. नाचणारी, डोळेनाक नसलेली माणसं. कधीकधी दिवसाला चाळीसपर्यंत चित्रं. खडूची रेघ त्या कागदावरून पुसता येत नाही. पोलीस येण्याच्या आत संपवायचं असतं, आणि पोलिसांनी त्याला अनेकदा पकडलंही. त्यामुळे आधी कच्चं काढू, मग गिरवू, अशी सोयच नाही. पहिली रेघ हीच शेवटची. अशा हजार रेघांनंतर हाताला जो निश्चय येतो, तो त्याच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो. अँडी माउसची रेघ नीट बघितली तर कळतं की ती कुठेच चाचपडलेली नाही.

या पोराला वॉरहॉलचं विलक्षण आकर्षण होतं. असणारच. स्क्रीन प्रिंटिंगला दुकानांच्या पाट्यांमधून उचलून कलादालनाच्या मधोमध नेणारा माणूस तो हाच. मर्लिन मन्रो ऑगस्ट १९६२मध्ये गेली आणि वॉरहॉलने तिचं सिनेमाच्या प्रसिद्धीचं एक छायाचित्र जाळीवर चढवून पुन्हापुन्हा छापलं. त्याने तर ओठांचा रंग ओठांबाहेर सरकला तरी तसाच राहू दिला, शाई कमी पडून चेहरा पुसट झाला तरी राहू दिला. छापताना होणारा प्रत्येक अपघात त्याला चित्राचा भाग वाटे. १९८१मध्ये त्याने ‘मिथ्स’ नावाच्या संचात अमेरिकी मनातली दहा पात्रं छापली आणि त्यात एक होता मिकी माउस. पाच वर्षांनी हॅरिंगने त्याच उंदरात वॉरहॉललाच बसवला! हॅरिंगचं म्हणणं असं की मिकी माउसइतकाच अँडी हाही आता अमेरिकेच्या संस्कृतीचं चिन्ह झाला आहे. थट्टा आहेच, पण शिष्याने गुरूला घातलेला तो दंडवतही आहे. आणि वॉरहॉलचा मिकी ज्यांच्या छापखान्यातून निघाला होता, त्या रुपर्ट जेसन स्मिथ यांच्याकडेच अँडी माउस छापला गेला. प्रकाशक होते न्यूयॉर्कचे जॉर्ज मुल्डर.

आता वळू या तीसकडे.

आपली समजूत अशी असते की १/३० लिहिलेली प्रत सगळ्यांत आधी निघाली आणि ३०/३० शेवटी. मग पहिल्या प्रतीचा मान मोठा. पण जाळीच्या छपाईत असं काही घडतच नाही. आधी सगळ्या कागदांवर पहिला रंग. सगळे सुकले की सगळ्यांवर दुसरा. मग तिसरा. तिसाच्या तीस प्रती एकत्रच अर्धवट असतात, एकत्रच वाढतात आणि शेवटच्या काळ्या रेघेच्या दिवशी एकत्रच पूर्ण होतात. दर फेरीला गठ्ठा उलटासुलटा होतो. त्यामुळे कोपऱ्यातला अंक हा क्रम सांगत नाही, एकूण किती आहेत याचा तो हिशेब आहे. या हिशेबाबाहेर काही प्रती असतात: चित्रकाराच्या स्वतःच्या, छापणाऱ्याच्या, आणि ‘अशीच छापा’ म्हणून चित्रकाराने पसंत केलेली एक नमुना प्रत. पण त्याही मोजून, तशी खूण करूनच.

जुन्या काळी हा हिशेब धातूच ठेवत असे. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून काढलेलं चित्र दाबयंत्रातून काढलं की दर प्रतीला पत्रा झिजतो. काही डझन प्रतींनंतर रेघेतली कोवळीक निघून जाते. म्हणून लवकरच्या प्रती मोलाच्या, आणि मर्यादा आपोआप पडलेली. जाळीला ही झीज जवळजवळ नाहीच. तीस काढा, तीनशे काढा, तिसावी आणि तीनशेवी सारखीच येईल. म्हणजे ‘फक्त ३०’ हे बंधन कापडाने घातलेलं नाही, शाईने नाही, कागदाने नाही. तो निव्वळ माणसांनी दिलेला शब्द आहे. चित्रकार, छापणारा आणि प्रकाशक यांनी ठरवलं की एवढ्याच, आणि तिथे थांबले.

आणि थांबल्यावर काय होतं? जाळीवर इमल्शन काढणारं रसायन फासतात, पाण्याचा जोराचा फवारा मारतात, आणि ज्या चित्रासाठी इतका खटाटोप केला ते मोरीतून वाहून जातं. जाळी पुन्हा कोरी. उद्या तिच्यावर दुसऱ्याचं चित्र चढेल. मूळ ठसा असा कुठे उरतच नाही! आहेत त्या तीस कागदांतल्या प्रत्येकाचा मान सारखा. त्यांच्यामागे कुठलीही ‘खरी’ प्रत लपलेली नाही.

तरी प्रश्न राहतोच: फुकट पोस्टरं वाटणाऱ्याने असा शब्द का द्यावा? मला वाटतं, हॅरिंगने एकाच तंत्राचे दोन्ही टोकांचे उपयोग ओळखले होते. अँडी माउस छापला त्याच वर्षी, एप्रिल १९८६मध्ये, त्याने मॅनहॅटनच्या लफायेट स्ट्रीटवर ‘पॉप शॉप’ नावाचं दुकान उघडलं. तिथे त्याच्या चित्रांचे टी-शर्ट, बिल्ले, पोस्टरं परवडेल अशा किमतीत मिळत. कलेचा धंदा केला म्हणून समीक्षक बरसले, तर वॉरहॉलने त्याला उत्तेजन दिलं. टी-शर्टही जाळीतूनच छापायचे, पण त्यांच्या कोपऱ्यात अंक नव्हता. जितके लोक मागतील तितके. दुसरीकडे, भुयारातल्या खडूच्या चित्रांचं काय झालं होतं? तो नावारूपाला आला तशी लोकांनी ती फळ्यांवरून उपटून विकायला नेली. सगळ्यांसाठी काढलेलं चित्र एकाच्या खिशात जायला लागलं, म्हणून त्याने ते काम बंद केलं. नुसतं अमर्याद असणंही चित्राला वाचवत नाही, हे त्याने अनुभवलं होतं. अँडी माउसच्या तीस प्रती मला म्हणूनच हातचं राखून केलेलं काम वाटत नाहीत. इतक्या मोठ्या कागदाची, इतक्या फेऱ्यांची, प्रत्येक प्रत डोळ्यांखालून घालून केलेली छपाई मोजकीच असू शकते. आणि ज्यांना हवा त्यांच्यासाठी टी-शर्ट होतेच.

मोजकी असण्याला आणखी एक कारण या कागदांवरच दिसतं. प्रत्येक प्रतीवर पेन्सिलने दोन सह्या आहेत, एक हॅरिंगची आणि एक वॉरहॉलची. ज्याचं चित्र काढलं त्यानेही सही केलेली! छापील चित्रावर सही पेन्सिलने करायची जुनी रीत आहे. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, तो उजेडाने फिका पडत नाही, आणि हाताच्या दाबाने कागदात उमटलेली त्याची रेघ छापून आणणं अवघड. चार चित्रं, प्रत्येकी तीस, म्हणजे १२० कागद, आणि प्रत्येकावर दोन माणसांचा हात फिरलेला. २०,००० कागदांवर हे कोण करणार?

१९८६मध्ये त्या सह्या झाल्या. २२ फेब्रुवारी १९८७ रोजी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर वॉरहॉल गेला, ५८ वर्षांचा होता. १६ फेब्रुवारी १९९० रोजी हॅरिंग एड्सने गेला. त्याचं वय अवघं ३१. थोडा उशीर झाला असता तर या दोन सह्या एका कागदावर आल्याच नसत्या.

अँडी माउसच्या प्रती आज संग्रहालयांत आणि श्रीमंतांच्या भिंतींवर आहेत, लिलावात त्यांना जबर किमती येतात, आणि तुम्हाआम्हाला त्या हात लावून बघायला मिळणार नाहीत. पण ज्या गोष्टीने मला इतकं झपाटलं ती बघायला न्यूयॉर्क गाठायची गरज नाही. तुमच्या गावात लग्नपत्रिका किंवा टी-शर्ट छापणारा स्क्रीन प्रिंटिंगवाला असेलच. मुलांना घेऊन त्याच्याकडे जा, आणि त्याला विनंती करा की पुढची जाळी धुताना आम्हाला बोलवा. पाण्याच्या धारेखाली चित्र उघडतं ते एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.